घाट, थांबा आणि तीन युनिटं

स्मृतिव्याख्यानाची सुरुवात जुन्या आठवणीनं करायची आपल्याकडे रीत आहे. आजचा विषय इलेक्ट्रिक गाडीच्या लांबच्या प्रवासाचा, म्हणजे अगदी ताजा. तरी त्याची आठवण शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती खोपोलीत आहे. १९१५ साली तिथे टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या परिसरात वळवण आणि शेजारच्या तलावांत पावसाचं पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि त्या पडण्यातून निघालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. पुढे १९२९ मध्ये पुण्यापर्यंतची रेल्वे विजेवर आली आणि १ जून १९३० रोजी धावू लागलेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनामागे बोरघाट चढली. विजेवर मुंबईहून पुण्याला जाणं मराठी माणसाला नवं नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनी ते केलं आहे.

आज त्याच खोपोलीच्या अंगानं द्रुतगती मार्गावरून एखादी इलेक्ट्रिक मोटार घाटाला लागते, तेव्हा त्या नळांतलं गणित उलटं चालू होतं. पाणी ५०० मीटर खाली पडलं की वीज मिळते. गाडी तेवढीच उंची चढली की वीज द्यावी लागते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन दोन टन समजा आणि चढण ५५० मीटरची. ते वजन नुसतं वर उचलायला तीन युनिटं वीज लागते. युनिट म्हणजे घरच्या बिलावरचं तेच, एक किलोवॅट-तास. मोटर आणि बॅटरीतली गळती धरली तर साडेतीनच्या आसपास. तेवढी वीज खोपोलीच्या केंद्रात तयार करायला एक हजार लिटरच्या तीन टाक्या भरतील एवढं पाणी लोणावळ्यातून खाली सोडावं लागेल. गाडी घाट उतरते तेव्हा मोटरच जनित्र होते आणि यातली दोनेक युनिटं परत बॅटरीत येतात. दीडेक युनिट मात्र सह्याद्री ठेवून घेतो.

दख्खनच्या राणीला हा हिशेब कधी करावा लागला नाही, कारण तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येत होती. मोटारीला आपली शिदोरी सोबत घेऊन निघावं लागतं. लांबच्या प्रवासाचा सगळा प्रश्न या शिदोरीचा आहे: ती किती, कशानं संपते, वाटेत कुठे भरते आणि भरायला किती वेळ लागतो.

शिदोरी किती, याचं उत्तर गेल्या २५ वर्षांत फार बदललं. २००१ साली बंगळुरूच्या रेवा गाडीत शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या आणि पूर्ण भरल्यावर ती ८० किलोमीटर जाई. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ युनिटांची लिथियम बॅटरी होती आणि तिची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रानं दाखवलेल्या, चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत ७९ युनिटांपर्यंतची बॅटरी आली. पाच वर्षांच्या आत शिदोरी अडीचपटीहून मोठी झाली.

पण कागदावरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर हे दोन वेगळे आहेत, आणि ग्राहकाचा पहिला भ्रमनिरास इथेच होतो. आपल्याकडे गाडीची रेंज एका ठरावीक चाचणीतून निघते. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. या तक्त्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आहे. शहरातल्या भागाचा हिशेब वेगळा काढला तर वेग त्याहून कितीतरी कमी. पेट्रोल गाडीला शहर जड जातं आणि हमरस्ता सोपा. इलेक्ट्रिक गाडीचं नेमकं उलट. सिग्नलला ती काही जाळत नाही, ब्रेक लावताना थोडं परत मिळवते. हमरस्त्यावर मात्र वाऱ्याशी सतत झुंजते. ज्या चाचणीत वारा जवळपास नाहीच, तिथे तिचे गुण चांगलेच येणार. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ५५ युनिटांच्या कर्व्ह ईव्हीची प्रमाणित रेंज ५८५ किलोमीटर जाहीर झाली. त्याच वेळी टाटा मोटर्सनं प्रत्यक्ष वापरात ४०० ते ४२५ किलोमीटर मिळतील असा आपला अंदाजही सांगितला. हे चांगलं झालं. दुसरा आकडा छापायला धैर्य लागतं, कारण शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या पाटीवर पहिला आकडा असतो. तरी हमरस्त्याच्या माणसासाठी तिसरा आकडा हवाच: ताशी १०० किलोमीटर वेगानं, एसी लावून, चार माणसं बसवून गाडी किती जाते? हा आकडा कायद्यानं पाटीवर यायला हवा.

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग ८० वरून १२० झाला, म्हणजे दीडपट झाला, की दर किलोमीटरला वाऱ्यावर खर्च होणारी वीज सव्वादोनपट होते. पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे इंजिन मुळातच एवढी उष्णता वाया घालवतं की वाढलेला खर्च डोळ्यावर येत नाही. इलेक्ट्रिक गाडी काटकसरी आहे. काटकसरी घरात पाहुणा आला की लगेच कळतं, तसा तिच्यात वारा कळतो.

समृद्धी महामार्ग हे या सगळ्याचं महाराष्ट्रातलं मोठं मोजमाप आहे. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. आता ५५ युनिटांची एक गाडी घ्या. ताशी १२० नं ती शंभर किलोमीटरला सुमारे २२ युनिटं खाईल, ताशी ९५ नं साडेसतरा. हे ठोकताळे आहेत. गाडी, वारा आणि टायर यांप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण तोल हाच राहील.

१२० नं जाणारा ७०० किलोमीटर पाच तास पन्नास मिनिटांत कापतो. त्याला एकूण १५४ युनिटं लागतात. घरून पूर्ण भरून निघाला आणि शेवटी थोडी शिल्लक ठेवली, तर १०४ युनिटं वाटेत घ्यावी लागतील. ९५ नं जाणाऱ्याला रस्त्यावर सात तास बावीस मिनिटं लागतात, पण वाटेत साडेबहात्तर युनिटंच पुरतात. आता चार्जर ३० किलोवॅटचा आहे आणि प्रत्यक्षात सरासरी २५ देतो असं धरा. पहिल्याचे चार तास दहा मिनिटं चार्जरपाशी जातात, दुसऱ्याचे दोन तास चोपन्न मिनिटं. पहिला दहा तासांत पोचतो, दुसरा सव्वादहा तासांत. पहिल्याला एक थांबा जास्त घ्यावा लागतो. रस्ता सोडणं, चार्जरची गन लावणं, ॲप उघडणं यात उरलेला पाव तासही संपतो. एवढ्या वेगानं गाडी हाणली, टायर तापवले, जीव टांगणीला लावला, आणि हाती आलं शून्य.

आता तोच चार्जर १२० किलोवॅटचा करा, सरासरी ७५ देणारा. पहिल्याला वाटेत एक तास तेवीस मिनिटं थांबावं लागतं, दुसऱ्याला अठ्ठावन्न मिनिटं. पहिला सव्वासात तासांच्या आत नागपुरात, दुसरा आठ तास वीस मिनिटांनी. इथे वेगाचा फायदा तासाभराहून जास्त झाला. म्हणजे किती वेगानं जाणं परवडतं हे इलेक्ट्रिक गाडीत पाय ठरवत नाही, पुढचा चार्जर ठरवतो. ॲक्सिलरेटर गाडीत आहे, पण त्याची दोरी रस्त्याकडेच्या खांबाला बांधलेली आहे. बॅटरी मोठी करणं हे कंपन्यांच्या हातात आहे आणि त्या ते करत आहेत. खांब मात्र सगळ्यांचा आहे, आणि आज अडलेलं काम त्या खांबाचं आहे.

नॉर्वेत ब्योर्न न्यूलांड नावाचा एक चाचणीकार अनेक वर्षं वेगवेगळ्या गाड्या घेऊन १००० किलोमीटर चालवून पाहतो. या चाचणीत तो रेंज मोजत बसत नाही. चार्जिंग धरून एकूण वेळ किती लागला ते मोजतो. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथे हा प्रश्न गाडी घ्यावी की नाही असा उरलेलाच नाही. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या घरांकडे निघालेल्या कुटुंबांनी कुठे थांबावं, असा तो आहे.

मग चार्जिंग भराभर का होत नाही? चार्जर मोठा, तार जाड, तरी ८० टक्क्यांच्या पुढे आकडा रखडतो. लोकांना वाटतं चार्जर बिघडला. बिघडलेला नसतो.

लिथियम बॅटरी भरते म्हणजे लिथियमचे कण एका बाजूच्या ध्रुवातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. लग्नातल्या पंगतीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मांडव रिकामा असतो तेव्हा दारातून येईल तो समोर दिसेल त्या पाटावर बसतो. पाच मिनिटांत निम्मी पंगत बसलेली असते. शेवटचे पाट मात्र कोपऱ्यात असतात. तिथवर जायला वाट काढावी लागते, कोणाला सरकून घ्यायला सांगावं लागतं. अशा वेळी दारातून लोकांचा लोंढा तसाच आत रेटला तर माणसं दारातच ठिय्या देतात. बॅटरीतही तेच होतं. थरांत शिरायला वाव न मिळालेलं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं. ते बरंचसं पुन्हा कामाला येत नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि फारच वाईट झालं तर आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका उभा राहतो. म्हणून गाडीतला संगणक पंगत भरत आली की दार हळूहळू लोटून घेतो. १० ते ८० टक्के हा वेगवान पट्टा आणि त्यापुढचे २० टक्के संथ, यामागे हे कारण आहे. लांबच्या प्रवासात १०० टक्क्यांसाठी चार्जरपाशी बसून राहणं म्हणजे आपला वेळ घालवणं आणि मागे उभ्या असलेल्या गाडीचाही.

थंडीत कण आळसावतात, म्हणून नॉर्वेतल्या गाड्या चार्जरपाशी पोचण्याआधीच बॅटरी गरम करून घेतात. आपला प्रश्न उलट्या टोकाचा. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला हवाच ४५ अंशांवर जाते, त्यात चार्जिंगची उष्णता. १०० किलोवॅटनं गाडी भरताना त्यातली पाच टक्के जरी उष्णतेत गेली तरी ते पाच किलोवॅट झाले. बंद डब्यात पाच इस्त्र्या सुरू ठेवल्यासारखं. बॅटरीभोवती गार द्रव खेळवला नाही तर ही उष्णता कुठे जाणार? निसान लीफ ही जगातली पहिली मोठ्या संख्येनं विकली गेलेली आधुनिक इलेक्ट्रिक मोटार, पण तिच्या बॅटरीला द्रवानं थंड करण्याची सोय नव्हती. ॲरिझोनाच्या उन्हात २०१२ च्या सुमारास तिच्या बॅटऱ्या लवकर थकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे २०१८ मध्ये ४० युनिटांची नवी लीफ घेऊन ब्रिटनमध्ये लांबच्या प्रवासाला निघालेल्यांच्या लक्षात आलं की पहिलं फास्ट चार्जिंग ठीक होतं, पण त्याच दिवशीचं दुसरं आणि तिसरं फार रखडतं. बॅटरी तापलेली असे आणि गाडी स्वतःला जपत असे. विदर्भात गाडी घेणाऱ्यानं रेंजच्या आधी हा प्रश्न विचारावा: बॅटरी थंड कशानं होते आणि एका दिवसात तिसऱ्यांदा फास्ट चार्जिंग केलं तर वेग किती उरतो?

उष्णता कमी करायचा दुसरा मार्ग व्होल्टेज वाढवण्याचा. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजनं नेली तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतली उष्णता चौथाईवर येते. बहुतेक गाड्या ४०० व्होल्टच्या आसपास चालतात. २०१९ मध्ये पोर्शे टायकान ८०० व्होल्ट घेऊन आली आणि २०२१ मध्ये ह्युंदाई आयोनिक ५ नं ते जरा आवाक्यातल्या किमतीत आणलं. ३५० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर आयोनिक ५ अठरा मिनिटांत १० वरून ८० टक्क्यांवर जाते. ही गाडी जानेवारी २०२३ मध्ये भारतातही आली. तिला पोटभर देणारा चार्जर मात्र आपल्या रस्त्यांवर विरळ. भूक आहे, ताट आहे, वाढणारा नाही.

बॅटरीच्या रसायनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या अभिमानाची आहे आणि फारशी सांगितली जात नाही. आज आपल्या रस्त्यावरच्या पुष्कळशा इलेक्ट्रिक गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. जरा जड, पण स्वस्त, टिकाऊ आणि तापल्यावर लवकर न भडकणारी. उष्ण देशासाठी उत्तम. ही सामग्री टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आली. १९९७ च्या त्या मूळ शोधनिबंधावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी यांचं आणि दुसरं के. एस. नंजुंडस्वामी यांचं. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीनं व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम यांनी, जे मूळचे तामिळनाडूचे. शोधात इथल्या माणसांचा हात आणि कारखाने मात्र चीनमध्ये, याची हुरहुर वाटते. बीई ६ चाकणला जुळते, पण तिच्या बॅटरीतले सेल चीनच्या बीवायडीचे आहेत.

त्या बीवायडीनं मार्च २०२५ मध्ये १००० किलोवॅटचं, म्हणजे एक मेगावॅटचं चार्जिंग जाहीर केलं: पाच मिनिटांत ४०० किलोमीटर, असा तिचा दावा. आकडा चिनी चाचणीचा आहे, रस्त्यावर तो कमी होणार, तरी झेप मोठीच. पेट्रोलपंपाशी तुलना केली की तिचा अर्थ कळतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटं ऊर्जा असते. मिनिटाला ३० लिटर सोडणारी नळी मिनिटाला २७० युनिटं ओतते. विजेच्या भाषेत ते १६ मेगावॅट झाले. इंजिन त्यातला तीन चतुर्थांश भाग वाया घालवतं हे धरलं तरी चाकांपर्यंत पोचणारे चार मेगावॅट उरतात. खांद्यावर टॉवेल टाकून उभा असलेला पंपावरचा मुलगा हातात केवढी शक्ती धरून उभा असतो, याची आपल्याला कधी जाणीवच झाली नाही. विजेला तिथवर पोचायचं आहे. आणि एक मेगावॅट म्हणजे घरटी चार किलोवॅट धरले तर अडीचशे घरांचा भार, एका गाडीसाठी, पाच मिनिटं. मेहकर किंवा कारंजा लाडसारख्या ठिकाणी असे चार चार्जर एकदम सुरू झाले तर गावाचे दिवे मंद व्हायचे. म्हणून बीवायडी चार्जरशेजारी मोठ्या साठवण-बॅटऱ्याही बसवते: विजेच्या जाळ्यातून सावकाश घ्यायचं, गाडीला झटकन द्यायचं. खोपोलीच्या वरचे तलाव हेच तर करतात. चार महिने पाऊस साठवायचा आणि हवा तेव्हा सोडायचा.

पण प्रत्येकाला पाच मिनिटांची घाई आहे का? जपानी कंपन्यांनी २०१० साली चार्जिंगचं एक प्रमाण ठरवलं आणि त्याला नाव दिलं चाडेमो. त्यात एक जपानी श्लेष लपलेला आहे: गाडी भरतेय तोवर चहा घ्यायचा का? मराठी माणसाला यावर वेगळं भाष्य नको. लांबच्या रस्त्याला लागलेलं कुटुंब दोन-अडीच तासांनी थांबतंच. कोणाला चहा हवा असतो, लेकराला शू लागलेली असते, आजीचे पाय आखडलेले असतात. समृद्धीवरच्या भीषण अपघातांनंतर सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचं मन बधिर होतं, त्या 'महामार्ग संमोहना'ची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. दोनशे किलोमीटरनं गाडीनंच थांबायला लावलं तर त्यात भलंच आहे. वीस-पंचवीस मिनिटांत १० चे ८० टक्के झाले तर चहा आणि चार्जिंग एकदमच उरकतात. म्हणजे हवं ते यंत्र मेगावॅटचंच पाहिजे असं नाही. १२० किंवा १८० किलोवॅटचं, पण चालू असलेलं हवं.

'चालू असलेलं' हे दोन शब्द आज सगळ्यांत महाग आहेत. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो. गाडी १२ टक्क्यांवर आणून तिथे पोचावं तर पडदा काळा. कधी कोणीतरी लाल आपत्कालीन बटण दाबून गेलेलं असतं आणि ते फिरवून सोडायचं असतं हे कोणालाच माहीत नसतं. कधी वीज आहे पण मोबाइलला नेटवर्क नाही, म्हणून ॲप उघडत नाही; गन हातात, पैसे खिशात, आणि गाडी उपाशी. कधी खांबासमोर पेट्रोलची गाडी लावून माणूस जेवायला गेलेला. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात वेगळे पैसे भरून ठेवायचे. पेट्रोलपंपावर जाताना कोणी आधी नाव नोंदवतो का? रेंजची धास्ती म्हणून जे म्हणतात ती खरं तर चार्जरची धास्ती आहे. ज्याला पुढचा थांबा चालू आहे याची खात्री आहे, तो १५ टक्क्यांवरही निवांत गाणी ऐकत जातो. खात्री नाही तो ५० टक्क्यांवर एसी बंद करून घामाघूम होतो.

सरकारी कागद या बाबतीत बरे आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे त्यासाठी परवाना नको. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र आणि लांब पल्ल्याच्या व अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरला अधिक शक्तीचं केंद्र, ही सूचना त्याच वर्षाच्या अखेरीस आली. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २००० कोटी रुपये ठेवले आहेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात २५ किलोमीटरचं उद्दिष्ट आहेच, शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. एक विसंगती मात्र डोळ्यात खुपते: इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि तिच्या सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के. ज्याच्या सोसायटीत चार्जर लावू देत नाहीत, जो रस्त्यावरच्याच चार्जरवर अवलंबून आहे, त्याच्याच खिशाला ही झळ जास्त.

आणि मोजायचं काय, तर बसवलेले चार्जर नव्हे, चालू असलेले चार्जर. अनुदानाचा शेवटचा हप्ता यंत्र वर्षभर किती तास चालू होतं ते पाहून द्यावा. बंद पडल्याची तारीख आणि दुरुस्तीची तारीख तिथेच फळ्यावर लिहावी. यात अवघड काही नाही. गावातला रेशन दुकानदारही फळ्यावर साठा लिहितो.

जागेचा प्रश्न आला की महाराष्ट्राला फार दूर पाहावं लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-नगर रस्त्यावर शिवाई ही एसटीची इलेक्ट्रिक बस सुरू झाली. राज्यभर एसटीची सुमारे अडीचशे आगारं आहेत आणि स्थानकं त्याहून कितीतरी जास्त. गावाच्या मोक्यावर, हमरस्त्याला लागून, रात्री दिवे असलेल्या या जागा. इलेक्ट्रिक बससाठी तिथे उच्चदाबाची वीज न्यावीच लागणार आहे. तिथेच कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला चार मोटारी उभ्या राहतील असे १२० किलोवॅटचे चार्जर का बसवू नयेत? उपाहारगृह चालेल, स्वच्छतागृहाची निगा राखायला पैसा येईल, एसटीला हक्काचं उत्पन्न मिळेल. मुख्य म्हणजे तिथे माणूस असतो. रात्री अडीच वाजता लाल बटण फिरवून देणारा एक माणूस प्रवाशाला दहा ॲपांहून जास्त धीर देतो.

याची खरी परीक्षा गणपतीत होईल. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी दोन-तीन दिवसांच्या आत कोकणात उतरतात. मुंबई-गोवा महामार्गावर वर्षातले तीनशे साठ दिवस एखाद-दुसरी गाडी येणाऱ्या चार्जरपाशी त्या रात्री पंधरा गाड्या उभ्या असतील. त्या पाच दिवसांसाठी कायमचे पंधरा खांब उभारणं कोणालाही परवडणार नाही. ट्रकवर बसवलेल्या साठवण-बॅटऱ्या आणि चार्जर त्या आठवड्यापुरते महाड, चिपळूण, कणकवलीच्या एसटी स्थानकांत आणून उभे करता येतील, जशा एसटी दरवर्षी जादा गाड्या सोडते. आधी वेळ नोंदवण्याची सोय त्या दिवसांपुरती करता येईल. ८० टक्क्यांवर गन काढायचा नियम लावता येईल, आणि तो पाळायला लावणारा माणूस तिथे असेल.

गणपती आटोपून माणसं परत निघतात. महाडहून पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरकडे वळलेल्या गाडीला जवळपास १३०० मीटर चढायचं असतं, बोरघाटाच्या दुपटीहून जास्त. दोन टनांच्या गाडीला सात युनिटं नुसती उंचीसाठी. वर पोचल्यावर तिथेच बॅटरी १०० टक्के भरून वाईकडे पसरणीच्या उताराला लागलेला चालक थोड्या वेळानं चकित होतो: गाडी ब्रेकमधून वीज परत घेतच नाही, कारण ठेवायला जागाच नाही. जाणते चालक म्हणून वर ७० टक्क्यांवरच गन काढतात, आणि उताराची वीज पसरणीच्या वळणावळणांवर गोळा करत वाईत उतरतात.